त्या कागदातलं 'मी'

गंगावेस, कोल्हापूर
संक्रांतीनंतरचा आठवडा

प्रिय संयू,

'प्रिय' रत्नव्वानं घातलंय. मी 'ए संयू' सांगितलं होतं, म्हणजे तिकडं पुण्यात पाकीट फोडल्या फोडल्या तुला कळलं असतं कोण हाक मारतंय. पण रत्नव्वा म्हणते, आक्का, पत्रात कुणी बोंब मारत नसतं. शेजारीण ती, अक्षर तिचं, कागदही तिच्याच घरचा, म्हणून तेवढं ऐकलं. एका गोष्टीत मात्र ऐकलं नाही. मी 'सांगतो' म्हटलं की ती 'सांगते' लिहायची, 'आलो' म्हटलं की 'आले'. म्हणते, बाईमाणसाचं असंच लिहायचं असतं. मी म्हटलं, बाई, जन्मभर ह्या तोंडानं येतो-जातो केलंय, आता कागदावर त्याला लुगडं कशाला नेसवतीस? 'हाय'चं 'आहे' कर, 'न्हाय'चं 'नाही' कर, पण माझं 'जातो' हे 'जातो'च राहू दे. हा हट्ट नाही, ह्याला कारण आहे, आणि ते कारण कालपासून माझ्या डोक्यात ताकातल्या रवीसारखं फिरतंय.

आधी तुझ्या फोनचं बोलतो. त्या दिवशी तुझा बा दाढी करत होता, म्हणून त्यानं फोन मोठ्या आवाजावर करून खिडकीत ठेवला आणि सगळ्या घरानं ऐकलं. तू म्हणालीस, इचलकरंजीच्या शाळेतली नोकरी मी घेत नाही, महिनाअखेरीला तसं कळवणार आहे. मला आधी कळेचना. मागकामगारांच्या पोरांची ती शाळा, कुठली कुठली लांबून आलेली पोरं, त्यांच्याजवळ बसायचं, त्यांच्या मनातलं ऐकायचं, ह्याच कामासाठी तर तू एवढं शिकलीस. निवड झाली तेव्हा तुझ्या बानं गल्लीला पेढे वाटले. आणि आता नको? विजयसिंहानं अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून विचारलं, का गं? तर तू म्हणालीस, माझा स्वभाव त्या कामाचा नाही. चार माणसांसमोर माझी जीभ टाळूला चिकटते, सारखी धास्ती असते. आणि हे बदलणारं नाही, कारण हे आज्जीकडून आलंय. दिवाळीत आज्जीची चाचणी घेतली होती ना, तिचा आणि माझा कागद शेजारी शेजारी ठेवून बघितला, दोन्ही सारखे. रक्तातच आहे.

विजयसिंहानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी दुधात पाणी घालताना सापडलो. तू फोन ठेवलास. त्याची उरलेली दाढी तशीच वाळली.

आता दिवाळीतलं आठव. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी जेवून सोप्यात टेकलो होतो, तू कागदांचा गठ्ठा घेऊन आलीस. म्हणालीस, आज्जी, माणसाचा स्वभाव मोजायचा असतो. मी म्हटलं, कशानं, मापट्यानं का तराजूनं? तू हसलीस, मग एकदम मास्तरणीसारखी झालीस. सरांनी सांगितलंय म्हणे, चाचणी घेताना आपला चेहरा कोरा ठेवायचा, उत्तर ऐकून हसायचं नाही, भुवई वर करायची नाही. बरं. मग काहीतरी शुद्ध वाचलंस, 'खालील विधाने स्वतःला कितपत लागू पडतात', असलं. मला त्यातलं 'खालील' तेवढं कळलं. मग म्हणालीस, मी एकेक वाक्य वाचीन, तू फक्त पाचातलं एक सांगायचं: अजिबात नाही, थोडंसं, मधलंच, बरंचसं, अगदी. मी पहिल्याच वाक्याला काहीतरी जास्त बोलायला गेलो तर मला गप्प केलंस. गोष्टी नकोत आज्जी, पाचातलं एक, बाकी काही बोलायचं नाही. मला! आमच्या दूधकट्ट्यावर म्हैस धार द्यायची थांबेल पण मी बोलायचा थांबत नाही, हे सगळ्या पेठेला ठाऊक. तरी तुझ्यासाठी तोंड शिवलं.

मग तू वाचत गेलीस. 'मी छोट्या छोट्या गोष्टींची काळजी करते.' मी म्हटलं, अगदी. 'मला चारचौघांत बोलायला संकोच वाटतो.' अगदी. 'मी अनोळखी लोकांत पटकन मिसळते.' अजिबात नाही. 'माझं मन लवकर दुखावतं.' बरंचसं. 'दुसऱ्याला काय वाटत असेल ते मला न सांगता कळतं.' अगदी, अगदी. दोनदा म्हटलं तर तू एकदाच धरलंस. तुझा चेहरा कोरा म्हणजे कसा, घासून उपडं घातलेल्या ताटासारखा. मला वाटलं, पोरगी लाजली असेल. वाईटही वाटलं. पण तूच बजावलं होतंस, खरं सांगायचं.

जाताना मला तो कागद दाखवलास. पाच खांब. एक माणसांत मिसळण्याचा, एक काळजीचा, एक दुसऱ्याचं ऐकून समजून घेण्याचा, एक कामाच्या शिस्तीचा, आणि एक नवीन काही बघायच्या हौसेचा. मिसळायचा खांब बुटका, काळजीचा माडीच्या वर गेलेला. मला म्हणालीस, आज्जी, तू अंतर्मुख आहेस. मी विचारलं, म्हणजे तोंड आत? मग भाकरी कुठून खायची? तू हसलीस, पण कागद पिशवीत जपून ठेवलास, आणि निघताना मला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ मिठी मारलीस. मला काही उमगलं नाही. वाटलं, पुण्याच्या थंडीची भीती असेल.

तू गेल्यावर मात्र मी चक्रावलो. मी माणसांत मिसळत नाही? मी? तुझे आजोबा केरबा गेल्यावर, म्हशी घेऊन पहाटे कट्ट्यावर उभा राहून, गिऱ्हाइकाला हाका मारून, समोर धार काढून तांब्या हातात देऊन मी हा संसार ओढला. गावातले पैलवान मला आवाजावरून ओळखतात. पण मग वाटलं, पोरगी एवढं शिकलीय, तिच्या मागं सर आहेत, सरांच्या मागं साहेबांच्या देशातली पुस्तकं आहेत. चूक माझीच असणार. मी स्वतःवर पाळत ठेवायला लागलो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलो तर वाण लुटायचं सोडून आतल्या आत बघत बसलो, संकोच वाटतोय का, कुठं वाटतोय, पोटात का घशात? बायकांना वाटलं माझा उपास आहे. विजयसिंहाला विचारलं, मी भित्री आहे काय रे? तो म्हणाला, आई, तुला बघून मी भित्रा झालोय. म्हणजे परत उत्तर नाहीच. त्यात आपली ती चंद्री म्हैस. मी धारेला बसलो की गोगलगाय, आणि तुझी आई बसली की लाथ. तिचा स्वभाव कुठला लिहायचा? माझ्याजवळचा का तुझ्या आईजवळचा? का मधलंच?

आणि मग तुझा तो फोन. दोघींचा कागद सारखा. तेव्हा तर मी पार बुडालो. कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे की! तो माझ्यासारखा नाही, हे आंधळ्यालाही दिसेल. शाळेत गॅदरिंगला नाव आलं की आदल्या दिवसापासून तुझ्या पोटात दुखायचं. ओवा देऊन देऊन डबा संपायचा. जे बोलायचं ते सगळं तू गोठ्यात जाऊन रेडकाच्या कानात बोलायचीस. मी आंबोण ठेवायला आलो की गप्प. आत्ता दिवाळीतही फराळाचं ताट तू चिवडत बसायचीस, आणि फोन वाजला की बघायच्या आधी छातीवर हात जायचा. तुला वाटलं कुणी बघत नाही. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, काही नाही आज्जी, आणि मग आपल्या दोघींना ते 'काही नाही' सांभाळत बसावं लागलं असतं.

पण तुझी दुसरीही एक गोष्ट मला ठाऊक आहे. रत्नव्वाचा नवरा मल्लाप्पा आजारी होता, ते वर्ष. रत्नव्वा दिवसभर दवाखान्यात, आणि घरी आली की कुणाशी अक्षर बोलायची नाही. आम्ही सगळ्या बायका जाऊन तिला धीर देत होतो, म्हणजे काय तर आम्हीच बोलत होतो, देवाचं नाव, डॉक्टरचं नाव, कुणाचा कुणी कसा बरा झाला ते. तू तेव्हा किती, परकर घालायच्या वयाची. तू जाऊन तिच्या पायरीवर नुसती बसलीस. दुपारभर. आणि तिनं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तुला सांगितलं. काय सांगितलं ते मला आजवर माहीत नाही. तू पण कधी बोलली नाहीस. हे सांगताना रत्नव्वाचं पेन थांबलंय. म्हणते, आक्का, जरा दम घ्या. दम मला लागलेला नाही, पण घेतो.

हं. तर काल काय झालं ते ऐक. काल मी तुला पहिलं पत्र लिहायला घेतलं होतं. ते पत्र साधं होतं. माझं रक्त वाईट असेल तर माफ कर, पण नोकरी सोडू नको, असलं काहीतरी रडकं. अर्धा कागद झाला. मी म्हटलं, रत्नव्वा, वाच बघू काय काय झालं. ती वाचायला लागली. वाचता वाचता म्हणाली, 'मी आजकाल फोन वाजला तरी घाबरते.' मी म्हटलं, अगं तू कशाला फोनला घाबरतीस? तू तर पालीला घाबरतीस! परवा पाल दिसली म्हणून चुलीच्या ओट्यावर चढून बसली होतीस! रत्नव्वा माझ्याकडं बघायला लागली. म्हणाली, आक्का, हे मी माझं नाही सांगत, तुमचंच वाचतेय. हे 'मी' तुमचं आहे. मी म्हटलं, माझं कसं? मी कधी 'घाबरते' म्हणतो? मी 'घाबरतो' म्हणतो. आणि तोंड तुझं हलतंय. तोंड तुझं तर 'मी' तुझं. ती म्हणाली, कागदावर तसं नसतं आक्का. वाचणारा वेगळा आणि 'मी' वेगळा असतो.

संयू, मी तिच्या हातातला कागद घेतला आणि उलटासुलटा करून बघितला. रत्नव्वानं पाणी आणलं.

तुम्हा शिकलेल्यांना हे लहानपणीच कुणीतरी सांगत असेल. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या कानाला एवढंच कळतं, जो बोलतो त्याचं 'मी'. दिवाळीत तू माझ्यासमोर बसून म्हणालीस, 'मी काळजी करते.' आता ह्या घरात 'करते' म्हणणारं कोण आहे? तुझी आई 'करतो' म्हणते, मी 'करतो' म्हणतो, तू पण म्हणायचीस, पुण्याला जाऊन तुझं 'करते' झालं. मला वाटलं, पोरगी स्वतःचा स्वभाव तपासतीय आणि साक्षीला मला बसवलंय. म्हणून तर मी एवढं तोंड शिवून, विचार करून, खरं खरं सांगत होतो. 'मला चारचौघांत बोलायला संकोच वाटतो.' अगदी! तुझाच संकोच, संयू. ओव्याचा अख्खा डबा गेला त्यात. 'मी अनोळखी लोकांत पटकन मिसळते.' अजिबात नाही! गोष्टी नकोत म्हणालीस म्हणून, नाहीतर रेडकाचं सांगणार होतो, आणि तिथल्या तिथं सगळं फुटलं असतं.

म्हणजे तुझ्याजवळ जे दोन कागद आहेत ना, एकावर आज्जी लिहिलंय आणि एकावर संयोगिता, त्यात बाई एकच आहे. एकदा तू तुला मोजलंस, एकदा मी तुला मोजलं. मग सारखे येतील नाहीतर काय? ह्यात रक्ताचा काय संबंध? आज्जीचा स्वभाव नातीत उतरला म्हणून तू सरांना सांगितलं असशील तर आता त्यांना काय सांगायचं ते तू बघ. त्यांचा चेहरा कोरा राहतो का ते मला कळव.

आणि एक. फोनवर शेवटी तू काय म्हणालीस आठवतंय? म्हणालीस, एकच खांब वेगळा आलाय. दुसऱ्याचं ऐकून घ्यायचा, न सांगता कळायचा. आज्जीचा तो केवढा उंच आहे, माझा निम्मासुद्धा नाही. तेवढा तुझा चांगला गुण मला आला नाही आज्जी, आणि ह्या नोकरीला नेमका तोच लागतो. त्या क्षणी मला वाटलं, मी कुठं ऐकतो कुणाचं? मी बोलतो. पण कळलं नाही तेव्हा. आता सांगतो. तो उंच खांबही माझा नव्हता. 'अगदी, अगदी' दोनदा म्हटलं होतं मी, तू एकदाच धरलंस. मी रत्नव्वाची पायरी बघून म्हटलं होतं.

माझ्या डोक्यातला गुंता सुटलाय असं समजू नकोस. उलट वाढलाय. कारण मग माझा कागद कुठं आहे? मला तर कुणी मोजलंच नाही. काल संध्याकाळी रत्नव्वाला म्हटलं, आठवतील ते प्रश्न घाल, पण 'मी' म्हणू नकोस, 'आक्का, तुम्ही' म्हण. तिनं विचारलं, आक्का, तुम्ही लवकर रागावता का? मी म्हटलं, अजिबात नाही. ती म्हणाली, खरंच असं लिहू? तर मी रागावलो. मग विचारलं, तुम्ही काळजी करता का? मी म्हणणार होतो, थोडंसं. पण गेला आठवडाभर मी रोज पोस्टमनची सायकल वाजली की दारात येतोय, आणि मला पत्र पाठवणारं कुणी नाही हे मला माहीत आहे. मग हे काय? तुझ्याबद्दल विचारलं तर मी कसा धडाधडा सांगत गेलो, आणि स्वतःबद्दल विचारलं तर प्रत्येकाला 'मधलंच'. मधलंच, मधलंच, मधलंच. सगळे खांब कमरेएवढे. कोण बाई म्हणायची ही? तुझ्या पुस्तकात असं काही आहे का, की माणसाला दुसऱ्याचं दिसतं आणि स्वतःचं दिसत नाही? असेल तर मला समजेल अशा भाषेत सांग. आणि खरं म्हणजे तुझ्या दोन कागदांतला कुठला खरा, तुझा तू केलेला का माझा, हेही मला कळत नाही. आता खांब वेगळा एकच आहे. तो कुणाचं ऐकून कापायचा का वाढवायचा, ते तू ठरव. नोकरी नकोच असेल तर नको म्हण. तुझा बा दोन दिवस तोंड फुगवील, मग म्हशी बाहेर काढील. पण माझ्या रक्ताचं नाव सांगून नको म्हणू नकोस. त्या रक्ताचा तिथं काही हात नाही.

हे सगळं मी फोनवर सांगितलं असतं. विजयसिंह म्हणाला पण, आई, लाव फोन, मिटव. मी नको म्हटलं. फोनवर मी बोललो असतो तर 'मी' माझंच राहिलं असतं, माझ्या तोंडातलं. कागदाची करामत मला कालच कळलीय: ज्याच्या हातात कागद आणि ज्याचं तोंड हललं, 'मी' त्याच्याकडं जातं. रत्नव्वा म्हणते तसं नसतं. असू दे, मला तसंच कळतं. म्हणून पुढच्या चार ओळी मी रत्नव्वाला मुद्दाम तुझ्या बोलीत लिहायला सांगितल्यात, 'करतो' नाही, 'करते'. खोलीचं दार लाव, लाज वाटत असेल तर उशीत तोंड घाल, पण मोठ्यानं वाच. मी घाबरते. घाबरत घाबरत जाते. जायच्या आदल्या दिवशी माझ्या पोटात दुखतं, मी ओवा खाते. पोर समोर येऊन बसलं की दुखायचं मला कळत नाही, कारण मी त्याचं ऐकत असते. मी इचलकरंजीला जाते. वाचलंस? तुझ्या तोंडानं? मग आता पाचातलं एक सांग. बाकी काही बोलू नकोस.

तुझीच, अजून कुणी न मोजलेली,
आज्जी

ता.क. हे 'मी' आक्कांचं नाही, माझं आहे. पालीला मी घाबरते, पण ते पत्रात घालायची गरज नव्हती. आणि संयू, त्या दुपारी पायरीवर तुला सांगितलं, त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा झोप लागली होती. हे आक्कांना वाचून दाखवलेलं नाही.
रत्नव्वा